गाय अर्धलीनं, धंदा मात्र कर्जानं

मुंबईहून बीदरला जाणारी गाडी सकाळी लातूर मागं टाकते आणि उदगीर येईपर्यंत खिडकीतलं रान हळूहळू बदलत जातं. सोयाबीन-तुरीचे पट्टे तेच असतात, पण काळ्या मातीत मधूनच जांभ्या दगडाचा लालसर माळ डोकं वर काढतो. डब्यातली बोलीही बदलते. मराठी आणि उर्दू होतीच, आता तिच्यात कन्नड मिसळतं. उदगीरच्या पुढचं कमालनगर स्टेशन कर्नाटकात आहे, पण तिथं उतरणारी माणसं बाजारहाटाचं बोलतात ते निम्मं मराठीतच.

देवणीला रेल्वे नाही. उदगीरला उतरायचं आणि एस.टी. धरायची. पूर्वी देवणी उदगीर तालुक्यातलंच एक गाव होतं, आता ते स्वतः तालुक्याचं ठिकाण आहे. उदगीरचं नाव महाराष्ट्राला दोन कारणांनी माहीत आहे: १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला ती लढाई, आणि २०२२ साली इथं भरलेलं पंचाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. देवणीचं नाव मात्र जनावराच्या खुरांवरून देशभर गेलं. ज्या गोवंशाला हे गाव आपलं नाव देऊन बसलं आहे, तो गुजरातच्या गीरसारखा किंवा आंध्रच्या ओंगोलसारखा स्वतःची ओळख असलेला वंश आहे, आणि देशातल्या नोंदणीकृत गोवंशांत त्याची गणना होते.

मला मात्र जनावरांइतकाच माणसांचा शोध घ्यायचा होता. १६ जानेवारी २०१६ला केंद्र सरकारनं 'स्टार्टअप इंडिया' जाहीर केलं. २०१८मध्ये महाराष्ट्रानं नवउद्योगांचं स्वतःचं धोरण आणलं. २०२२मध्ये राज्याची स्टार्टअप यात्रा गाडी घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. या सगळ्याचा अर्थ साधा करून सांगायचा तर चार माणसं एका जागी यावी लागतात. एक धंदा उभा करणारा, दुसरा त्यात पैसा घालणारा, तिसरा वाट दाखवणारा आणि चौथं गिऱ्हाईक. पुण्या-मुंबईत ही चौघं एका इमारतीत भेटतात. देवणीसारख्या तालुक्यात ती आहेत का, असली तर एकमेकांना ओळखतात का, हे पाहायला मी निघालो होतो.

उदगीरमध्येच पहिलं उत्तर मिळालं. इथं १९८७पासून पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी ते जोडलेलं आहे. म्हणजे वाट दाखवणारा माणूस देवणीपासून तासाभराच्या अंतरावर पंधरा-वीस नव्हे, चांगली पस्तीसेक वर्षं बसलेला आहे. शहरातल्या एखाद्या इन्क्युबेशन सेंटरला हेवा वाटावा असं हे भाग्य आहे. प्रयोगशाळा आहे, शिकणारी मुलं आहेत, आणि ज्या वंशावर काम करायचं तो वंश भिंतीच्या पलीकडं चरतो आहे.

देवणी गाय पहिल्यांदा नीट पाहायची असेल तर एखादा जाणता माणूस सोबत हवा. वंशात तीन प्रकार मानतात. वानेरा पांढऱ्या अंगाचा, पण तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा रंग उतरलेला. बालंक्या जवळजवळ सगळाच पांढरा, काळे ठिपके असले तर अंगाच्या खालच्या बाजूला. शेवरा म्हणजे पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे ठिपके. लोंबते कान, रुंद कपाळ, जाड सैल पोळी. गीर आणि डांगी यांचं रक्त स्थानिक गुरांत मिसळून हा वंश तयार झाला असं जाणकार मानतात. गीरचं दूध आणि डांगीची ताकद असा दुहेरी हिशेब त्यामागं होता. गाय दूध देईल आणि तिचा गोऱ्हा औताला जुंपता येईल.

हा दुहेरी हिशेबच आज अडचणीत आला आहे. ट्रॅक्टर आला आणि बैलाचं मोल उतरलं. दुधाच्या बाबतीत देवणीची एका वेताची सरासरी हजार लिटरच्या आतच राहते. संकरित होल्स्टिन तिच्या तीन-चार पट दूध देते, भले तिला पाणी, हिरवा चारा आणि डॉक्टर जास्त लागो. डेअरीच्या काट्यावर दोन्ही दुधं एकाच रांगेत उभी राहतात आणि लिटर-फॅटचा हिशेब होतो. त्या हिशेबात देवणी हरते. तरीही लोक ती पाळतात. का पाळतात, हे कळायला देवणीलाच जावं लागलं.

उदगीर ते देवणी रस्ता फार लांब नाही. एस.टी. भरलेली होती. शाळेची मुलं, तहसीलला निघालेली माणसं, खताची पोती. पावसाळा नुकताच सरला होता आणि रानात सोयाबीनच्या गंजी लागल्या होत्या. देवणी गाव तालुक्याच्या गावासारखंच आहे: तहसील, पंचायत समिती, बँका, खतं-औषधांची दुकानं, मोबाईलची दुकानं, आणि एका कोपऱ्यात चहाच्या टपरीवर दिवसभर बसलेली कर्ती पोरं. यांतल्या बऱ्याच जणांनी पुण्यात चाकणला किंवा हैदराबादला काही वर्षं काढली आहेत. परत आलेली पोरं ही या भागाची खरी पुंजी आहे असं मला वाटतं. त्यांनी कारखाना पाहिलाय, ऑनलाइन व्यवहार हाताळलेत, आणि घरी गायही आहे.

गावाबाहेरच्या एका वस्तीवर एका म्हाताऱ्या पशुपालकाच्या दावणीला आम्ही बसलो. "काय बघायलाव एवढं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मामा, या गायीत पैसा कसा फिरतो ते बघायलो." ते हसले आणि म्हणाले, "पैसा न्हाई फिरत, गायच फिरती."

मग त्यांनी सांगितलं ते अर्धलीचं. ज्याच्याकडं जनावरं जास्त आहेत तो आपली कालवड दुसऱ्याच्या दावणीला देतो. हा दुसरा बहुतेक वेळा भूमिहीन किंवा दोन-तीन एकरवाला असतो. चारा-पाणी, राखण, आजारपण त्यानं बघायचं. गाय व्याली की दूध त्याचं. वासरांची वाटणी ठरलेली असते, एक त्याचं आणि एक मालकाचं. नाहीतर जनावर विकल्यावर मूळ किंमत बाजूला काढून वाढलेले पैसे निम्मेनिम्म. रीत गावोगाव थोडी बदलते, मूळ सूत्र बदलत नाही. जनावर मेलं तर मालकाची कालवड गेली आणि सांभाळणाऱ्याची मेहनत गेली. कुणी कुणाला व्याज मागत नाही, हप्ता मागत नाही, जामीनदार आण म्हणत नाही.

ऐकताना मला राहवेना. गुंतवणूकदार जे भागभांडवल म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पैसा घालणारा धोक्यात भागीदार होतो, फायदा झाला तर हिस्सा घेतो, बुडालं तर दोघं मिळून बुडतात. मराठवाड्यातल्या माणसाला भागभांडवल कळत नाही, त्याला फक्त कर्ज आणि सबसिडी कळते, असं शहाणी माणसं परिषदांमधून बोलतात. देवणीच्या दावणीवर हे खोटं ठरतं. इथं शेळी अर्धलीनं दिली जाते, गाय अर्धलीनं दिली जाते, जमीन बटईनं केली जाते. जोखीम वाटून घ्यायची रीत इथं पिढ्यान्‌पिढ्या आहे.

तिचे दोष झाकण्यात अर्थ नाही. अर्धली तोंडी असते. वाद झाला तर पंच बसतात आणि पंचांत मालकाचं वजन जास्त असतं. जातीची उतरंड दावणीपर्यंत पोचते. बाई दिवसभर शेण काढते, पण वाटणी ठरवायला पुरुष बसतात. शिवाय अर्धली ओळखीपुरतीच चालते. पुण्यातला माणूस देवणीतल्या अनोळखी घरी कालवड बांधणार नाही. याच मातीत अर्धलीच्या शेजारी उचलही आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाआधी उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत माणूस त्याच्याशी बांधला जातो. अर्धलीत धोका दोघांत वाटला जातो आणि उचलीत तो सगळा गरिबाच्या डोक्यावर बसतो. मराठवाड्यात भांडवल उभं करायचं म्हणणाऱ्यानं आपण या दोन्हींपैकी कशाच्या जवळ आहोत हे आधी तपासावं.

देवणीहून वलांडी, बोरोळ या बाजूला गेलं की मांजरेचं खोरं आणि कर्नाटकची हद्द जवळ येते. हद्दीच्या पलीकडं बीदर जिल्ह्यातही हीच गाय आहे. कर्नाटकातले लोकही तिला देवणीच म्हणतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेच्या दक्षिण केंद्रावर देवणीचा कळप ठेवून वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. पाहुणे-सोयरे, बाजार, बैलांची खरेदी हे सगळं हद्द ओलांडून चालतं. योजना तेवढ्या हद्दीवर थांबतात. महाराष्ट्राचं अनुदान इकडं आणि कर्नाटकचं तिकडं. एखाद्या प्रदेशाचा उद्योगसमूह उभा करायचा तर तो जिल्ह्याच्या नकाशावर बेतून चालणार नाही. देवणीचा प्रदेश म्हणजे उदगीर, देवणी, निलंगा, जळकोट, नांदेडच्या बाजूचा मुखेड आणि पलीकडचे भालकी-औराद. हाळी-हंडरगुळीच्या गुरांच्या बाजारात आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत हा प्रदेश एकत्र येतो. इथल्या उद्योगाची परिषद भरवायची तर मी ती या बाजारांच्या दिवशीच भरवीन.

जनावरांच्या बाजारातून केवढं काय उभं राहतं याचा दाखला ब्राझीलमध्ये आहे. मिनास जेराईस राज्यातल्या उबेराबा शहरानं भारतातून नेलेल्या गीर, ओंगोल, कांकरेज या वंशांवर आपलं अर्थकारण उभारलं. तिथल्या पशुपालकांनी संघटना केली, १९३८पासून वंशावळीची अधिकृत नोंदवही सुरू केली आणि दरवर्षी प्रदर्शन भरवलं. १९६०च्या सुमाराला भावनगरच्या महाराजांच्या गोठ्यातला 'कृष्णा' नावाचा गीर वळू सेल्सो गार्सिया सिद नावाच्या पशुपालकानं तिकडं नेला. आज ब्राझीलच्या दुधाळ गीरच्या वंशावळीत त्याचं नाव ठळक आहे. वळू आपल्याकडचा होता. त्याच्या पोराबाळांचा हिशेब मात्र त्यांनी लिहून ठेवला. लिलाव करणारे, रेतन प्रयोगशाळा, खाद्य बनवणारे, विमावाले, प्रजननाचं सॉफ्टवेअर लिहिणारे असे धंद्यावर धंदे त्या नोंदवहीभोवती उगवले. नोंद असली की अनोळखी माणूससुद्धा पैसा घालू शकतो. देवणीच्या मामांची अर्धली ओळखीच्या बाहेर जात नाही ती नोंद नाही म्हणून.

मामांच्या गायींच्या कानांत पिवळे बिल्ले होते. बारा आकडी क्रमांकाचा हा बिल्ला म्हणजे जनावराचं आधार. लसीकरण, कृत्रिम रेतन, विमा यांच्या नोंदी सरकारच्या 'भारत पशुधन' या प्रणालीत त्या क्रमांकावर चढतात. म्हणजे नोंदवहीचं कव्हर तयार आहे. "या नंबरावर हिची आई कोण ते लिवलंय का?" मामांनी विचारलं. आई त्यांना तोंडपाठ होती, आजीही. वळू कुठल्या गावचा होता, तो कुणी विकला, हेही. एवढी माहिती एका माणसाच्या डोक्यात आहे आणि तो सत्तरी ओलांडून बसला आहे. इथल्या परत आलेल्या पोरांनी करायचा पहिला धंदा मला तिथंच दिसला: दावणीदावणीला जाऊन वंशावळ लिहून घेणं, महाविद्यालयाकडून ती पडताळून घेणं, आणि चांगला वळू किंवा कालवड शोधणाऱ्या गिऱ्हाइकाकडून तिचे पैसे घेणं. गायीची किंमत दुधाच्या काट्यावर ठरते तोवर देवणी हरत राहील. वंशाच्या कागदावर ठरली तर गणित पालटेल.

देवणीहून मी निलंग्याकडं वळलो. इथं नोंदीचा दुसरा प्रकार पाहायला मिळतो. २०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या तीन पिकांना भौगोलिक मानांकन मिळालं: पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर. पानचिंचोली आणि बोरसुरी ही दोन्ही निलंगा तालुक्यातली गावं. बातमी आली तेव्हा जिल्ह्यात आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण मानांकन दहा वर्षांचं असतं, पुढं नूतनीकरण करावं लागतं. आणि गावाला मानांकन मिळालं म्हणून गावातल्या प्रत्येकाला ते नाव पिशवीवर छापता येत नाही. त्यासाठी एकेका शेतकऱ्यानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या कार्यालयाकडं नाव नोंदवावं लागतं. अर्ज भरून देणारा, डाळ तपासून प्रतवारी करणारा, पिशवी बनवणारा, पुण्यातल्या दुकानापर्यंत पोचवणारा, यांतला एकेक माणूस म्हणजे एकेक धंदा. मानांकनाच्या कागदापासून गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंतचं हे अंतर अजून बरंचसं मोकळं पडलं आहे.

निलंग्याहून औसा तालुक्यात गेलं की किल्लारी लागते, आणि तिथं थांबल्याशिवाय या विषयावर बोलताच येत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपानं ही गावं जमीनदोस्त केली. त्यानंतर जे उभं राहिलं त्यात घरांइतकीच महत्त्वाची एक गोष्ट होती, ती म्हणजे बायकांची साखळी. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या पुनर्वसनात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या हजारावर गावांत घरदुरुस्तीचा कार्यक्रम होता. त्यात गावागावांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. कुठला हप्ता कधी येणार, सिमेंट किती घालायचं, भिंतीला कोपऱ्यात कसा आधार द्यायचा, हे या बायकांनी घरोघरी सांगितलं. या कामातून प्रेमा गोपालन यांनी 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था बांधली.

पुढचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी घरदुरुस्तीतून ओळख आणि भरवसा झाला. मग बचतगट आले. बचतीतून एकमेकींना कर्ज देणं सुरू झालं. कर्जातून शेळी, शिवणयंत्र, किराणा, दूध असे धंदे निघाले. आणि हे सगळं झाल्यावर, २००९च्या सुमाराला, 'सखी युनिक रूरल एंटरप्राइझ' ही विक्रीची यंत्रणा आली. तिच्यामार्फत गावच्याच बायका सौरदिवे, सुधारित चुली अशा वस्तू गावात विकू लागल्या. ओळखीपासून बाजारापर्यंत पोचायला पंधरा वर्षं लागली. आज आपण नवउद्योगांच्या नावानं जे करतो त्यात क्रम उलटा असतो. आधी इमारत, मग स्पर्धा, मग बक्षीस, आणि भरवसा शेवटी झाला तर झाला.

त्या साखळीला ठेचही लागली, आणि तीही शिकवून गेली. २००६च्या सुमाराला ब्रिटिश पेट्रोलियम या बड्या कंपनीनं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसोबत 'ऊर्जा' नावाची कमी धुराची चूल काढली. शेतीच्या टाकाऊ मालापासून केलेल्या गोळ्या तिच्यात जळायच्या. गावोगाव ती विकायचं काम या बायकांनी केलं. चूल चांगली होती. पण कच्च्या मालाचे भाव चढले, गोळ्या महाग झाल्या, आणि २००९मध्ये कंपनीनं हा धंदा विकून टाकला. कंपनीच्या ताळेबंदात ती एक ओळ असेल. गावात शेजारणीला तोंड द्यायचं होतं ते चूल विकणाऱ्या बाईला. बाहेरचा गुंतवणूकदार केव्हा निघून जाईल आणि तो गेल्यावर मागं काय उरेल, हा प्रश्न करार करतानाच विचारायचा असतो.

त्या बायका मात्र थांबल्या नाहीत. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी घरच्या पुरुषांकडं एक एकर जमीन मागितली आणि तिच्यावर डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी अशी घरात खाण्याची पिकं कमी पाण्यात, बाहेरची खतं न घालता घेतली. या कामाला २०१६चं संयुक्त राष्ट्रांचं 'इक्वेटर' पारितोषिक मिळालं. प्रेमाताई २०२२मध्ये गेल्या. त्यांनी बांधलेली साखळी चालू आहे. मराठवाड्यात उद्योजकांचा समाज कसा घडतो याचं इतकं मोठं आणि इतकं जुनं उदाहरण दुसरं मला माहीत नाही. तरी नवउद्योगांच्या व्यासपीठांवर त्याचं नाव फार क्वचित ऐकू येतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लातूरला पोचलो तेव्हा बाजार समितीत हंगाम भरात होता. सोयाबीनच्या ढिगाऱ्यांतून वाट काढत चालावं लागतं. सौदा निघाला की त्या दिवसाचा दर ठरतो आणि फोनवरून तो नांदेड-बीदरपर्यंत जातो. आडत दुकानात गादीवर बसलेला माणूस हा इथला सगळ्यांत जुना पैसा घालणारा. पेरणीला बी-खतासाठी, लग्नाला, दवाखान्याला तो पैसे देतो, आणि माल आपल्याच आडतीला येणार या भरवशावर देतो. त्याच्याकडं प्रकल्प अहवाल नसतो, पण शेतकऱ्याची दहा वर्षांची पट्टी असते. जोखीम मोजायचं हे शास्त्र त्याला कोणी शिकवलेलं नाही.

सरकारी बाजूला योजनांची कमतरता नाही. मुद्रा आहे, 'शिशु'पासून 'तरुण प्लस'पर्यंत. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे. २०१९पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात तर अनुदानाचे पैसे बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतात आणि धंदा चालू असल्याचं पाहून मग कर्जात वळते होतात. या योजनांनी लातूर-नांदेडमध्ये पुष्कळ घरं उभी केली, हे मी पाहिलं आहे. पण या सगळ्यांचा पाया कर्जच आहे. पहिल्या वर्षी पाऊस गेला, गाय गाभण राहिली नाही, तरी हप्ता पहिल्या महिन्यासारखाच येतो. एक हप्ता चुकला की सिबिल बिघडतं आणि पुढचं दार बंद होतं. धाडस करणाऱ्यालाच पहिली शिक्षा होते.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचं दुखणं याहून वेगळं. २००२च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं त्यांना जन्म दिला आणि २०२०मध्ये देशभरात दहा हजार कंपन्या काढायची योजना आली. लातूर जिल्ह्यात त्यांची संख्या मोठी आहे, सोयाबीन-तुरीच्या व्यापारात काहींनी चांगलं नाव कमावलं आहे. पण या कंपनीचा भागधारक फक्त उत्पादकच होऊ शकतो. कायद्यानं ते शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी ठेवलं आणि त्यामागचा हेतू बरोबरच आहे. परिणाम असा की बाहेरच्या गुंतवणूकदाराला इच्छा असूनही तिथं भाग घेता येत नाही. मग उरतं पुन्हा कर्ज आणि अनुदान. लातूरच्या लोकांना भागभांडवलाची भीती वाटते त्याला आणखीही कारण आहे. सहकारी कारखान्यांचे, सूतगिरण्यांचे, पतसंस्थांचे शेअर त्यांनी घेतले होते, आणि त्यांतल्या कित्येकांचे कागद आज घरातल्या ट्रंकेत पडून आहेत.

मराठवाड्यात हे सगळं कुठंच जुळलं नाही असंही नाही. छत्रपती संभाजीनगरात 'चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर' या उद्योजकांच्या संघटनेनं 'मॅजिक' ही नवउद्योगांना वाढवणारी संस्था काढली. तिथं ते जमलं याचं कारण मला वाळूजमध्ये दिसतं. १९८५ साली बजाजचा कारखाना तिथं आला, त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखानदार तयार झाले, आणि तीस वर्षांनी त्यांच्यातलेच काही जण नव्या पोरांच्या पाठीशी उभे राहण्याइतके सधन आणि अनुभवी झाले. गिऱ्हाईक आधी आलं, गुंतवणूकदार त्यातून घडला. पण देवणीहून ते शहर तीनशे किलोमीटरच्या पुढं आहे, आणि सुट्या भागाचा अनुभव असलेला माणूस गाय पाहून पैसा घालील अशी अपेक्षा कशी करायची? देवणीचा गुंतवणूकदार लातूरच्या गादीवरच शोधावा लागेल.

म्हणून परतीच्या गाडीला वेळ होता तेवढ्यात मी एका ओळखीच्या आडत्याकडं बसलो आणि मामांची अर्धली त्यांना नव्या रूपात मांडून दाखवली. दहा आडत्यांनी मिळून पन्नास कालवडी घ्यायच्या. निवड उदगीरच्या डॉक्टरांनी करायची. बिल्ला आणि वंशावळ परत आलेल्या पोरांनी लिहायची. सांभाळ बचतगटातल्या बायकांनी करायचा आणि करार त्यांच्या नावानं, लेखी. दूध त्यांचं, वासरं आळीपाळीनं, विकलं तर निम्मेनिम्म. उत्पादक कंपनीत भाग घेता येत नसला तरी जनावरात भागीदारी करायला कायद्याची आडकाठी नाही.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "गाय मेली तर विमा कुणाच्या नावानं?"

मी म्हटलं, "दोघांच्या. निम्मेनिम्म."

"हप्ता?"

"तोही निम्मा."

"आन् पहिली व्यायच्या आधीच मेली तर? बाईचं दोन वर्षांचं राबणं कुठं धरलंय तुमच्या कागदात?" ते कागद पुढं ओढून घेत म्हणाले. विम्याच्या रकमेतून आधी सांभाळणारीच्या चाऱ्याचा आणि मजुरीचा आकडा काढायचा, उरलेलं निम्मं करायचं, असं त्यांनी स्वतःच पट्टीच्या मागं लिहिलं. मग शेजारच्या दुकानातल्या भावाला हाक मारली आणि विचारलं, देवणीचा बाजार कोणत्या वारी असतो रे?